गाईड पथक, सेवा प्रकल्प आणि मुलींचं नेतृत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की नव्याने नेमलेल्या कॅप्टनबाईंचे (म्हणजे गाईड पथक चालवणाऱ्या शिक्षिकांचे), पालकांचे आणि अधूनमधून खुद्द मुलींचेही तेच तेच प्रश्न यायला लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या पथकांना धरून आहेत. परदेशातल्या मराठी पालकांसाठी प्रश्न १७ वेगळा ठेवला आहे.

१. गाईड म्हणजे स्काऊटचीच मुलींची शाखा ना?

चळवळ एकच, पण मुलींनी ती मागून घेतलेली आहे. १९०९ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा स्काऊट मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपापला गणवेश जुळवून तिथे येऊन उभ्या राहिल्या. कोणी बोलावलं नव्हतं. पुढच्याच वर्षी स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलींची वेगळी संघटना काढून ती बहीण ॲग्नेस यांच्याकडे सोपवली. भारतात पहिली गाईड कंपनी (म्हणजे पथक) १९११ साली जबलपूरला निघाली, पण सुरुवातीला प्रवेश युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींनाच होता. भारतीय मुलींना दार उघडणारी पहिली कंपनी १९१६ साली पुण्यात सुरू झाली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संस्था झाली आणि पुढच्या वर्षी गाईड संघटना तिच्यात आली.

२. कितव्या वर्षापासून घालता येतं?

पाच ते दहा वर्षांच्या मुली बुलबुल, दहा ते सतरा गाईड आणि त्यानंतर पंचविशीपर्यंत रेंजर. शाळेत साधारण पाचवीपासून गाईड पथक असतं. एका संघात सहा ते आठ मुली आणि असे तीन-चार संघ मिळून कंपनी. कागदोपत्री ‘कंपनी’ असली तरी शाळेत सगळे ‘पथक’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

३. गाठी मारणं, शिट्टीवर धावणं, तीन बोटांचा सॅल्यूट... यातून मुलीला काय मिळतं?

नुसत्या गाठीतून फार काही नाही. पण रीफ नॉट आली की जखमेवरची पट्टी नीट बांधता येते, क्लोव्ह हिच आली की तंबूचा दोर खुंटीला घट्ट बसतो. कामासाठी कौशल्य, असा तो क्रम आहे. बऱ्याच पथकांत तो उलटा होतो. वर्षभर गाठीच चालतात, काम काही येत नाही आणि मार्चमध्ये चाचणी उरकली जाते. तुमच्या मुलीचं पथक असं असेल तर तक्रारीचा सूर न लावता बाईंना एवढंच विचारा, ‘यंदा मुली सेवा प्रकल्प कोणता करणार आहेत?’

४. ‘नेतृत्व शिकवतो’ म्हणजे भाषण करायला शिकवता का?

नाही. भाषण हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. एखादी मुलगी व्यासपीठावर खणखणीत बोलते म्हणून ती चार जणींना बरोबर घेऊन काम तडीस नेईलच असं नाही.

गाईडमध्ये नेतृत्व शिकायची जागा म्हणजे संघ. प्रत्येक संघाची एक संघनायिका आणि तिची एक मदतनीस. बाकीच्यांकडेही एकेक खातं असतं. एक हिशोब ठेवते, एक सामान सांभाळते, एक नोंदवही लिहिते. सगळ्या संघनायिका कॅप्टनबरोबर बसून पथकाचे निर्णय घेतात, त्या बैठकीला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. आठ जणींच्या वतीने तिथे बोलायचं आणि ठरलेलं परत येऊन आठ जणींना पटवायचं, हे बारा-तेराव्या वर्षी करावं लागतं.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सहलीच्या दिवशी बघा. संघाने आपली खिचडी आपण शिजवायची. तांदूळ किती घ्यायचे हे बाईंना विचारायचं नाही. लाकडं ओली निघतात, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, कोणीतरी पाणी जास्त ओतते आणि दोघी एकमेकींवर खेकसतात. अशा वेळी संघनायिका पळी हिसकावून स्वतः ढवळायला लागते, की घरी रोज चूल पेटवणाऱ्या मुलीला पुढे करून ‘तू सांग, आम्ही करतो’ म्हणते? दुसरी गोष्ट जिला जमली तिला नेतृत्व कळायला लागलंय. ती चूल पेटवणारी मुलगी वर्गात बहुतेक वेळा शेवटच्या बाकावर असते, हेही लक्षात ठेवा.

५. ‘दररोज एक सत्कृत्य’ आणि सेवा प्रकल्प यांत फरक काय?

सत्कृत्य एकटीचं, त्या त्या दिवसाचं आणि गाजावाजा न करता. आजीला औषध आणून देणं, वाहता नळ बंद करणं. प्रकल्प सगळ्या संघाचा असतो. आधी पाहणी, मग आखणी, वाटणी, काम आणि शेवटी ‘झालं का?’ याची तपासणी. सत्कृत्याने सवय लागते आणि प्रकल्पातून नियोजन कळतं. दोन्ही लागतं, पण ‘रोज एक सत्कृत्य करतो, मग प्रकल्प कशाला’ ही पळवाट चालत नाही.

६. विषय कसा निवडायचा? मुलींना विचारलं की त्या ‘वृक्षारोपण’ किंवा ‘ग्रामस्वच्छता’ एवढंच म्हणतात.

कारण तेच उत्तर बरोबर धरलं जातं, हे त्यांना ठाऊक असतं. जुलैत लावलेल्या रोपांना एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, हा प्रश्न विचारून बघा. त्याचं उत्तर असेल तर वृक्षारोपणाइतका चांगला प्रकल्प नाही. नसेल तर तो खड्डे खणण्याचा कार्यक्रम आहे.

विषय विचारू नका, शोधायला लावा. प्रत्येक संघाला एक वही आणि एक तास द्या. शाळा ते एसटी थांबा चालत जायचं आणि ज्या ज्या गोष्टीने आपल्याला किंवा दुसऱ्या कोणाला अडचण होते ती लिहायची. परत आल्यावर प्रत्येक ओळीपुढे तीन खुणा करायच्या : हे आपल्याला दिसतं का, आपण यात काही करू शकतो का, आणि तीन महिन्यांत फरक मोजता येईल का.

अशा याद्यांमध्ये एक ओळ हमखास येते, ती म्हणजे मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. पाचवीची मुलगी ते लिहिते, कारण मधल्या सुट्टीत मैत्रिणीला बाहेर उभं करून दार धरायला लावावं लागतं. मोठ्या माणसांच्या लेखी ही बाब प्रकल्प म्हणावी एवढी मोठी नसते. मुलींच्या लेखी असते, आणि प्रकल्प त्यांचा आहे. मग त्या मोजतात : दारं किती, कड्या किती, पाणी कुठे येतं, झाकणाची बादली आहे का. त्यानंतर मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे अर्ज वाचणाऱ्यांत मुलींच्या आयाही असू शकतात. काही कड्या खरी कमाईतून (प्रश्न ८) येतात, काही समिती बसवते. शेवटी महिन्यातून एकदा तपासणी आणि तिचा तक्ता. अर्ज कसा लिहायचा, नकार आला तर पुन्हा कोणाला भेटायचं, हे सगळं त्या एका कडीपायी शिकून होतं.

७. मी नवीन कॅप्टन आहे. मुलींना किती मदत करायची?

सुरक्षितता, पैसे आणि कायदा या तीन बाबतींत पूर्ण. बाकी ठिकाणी हात पाठीमागे बांधून उभ्या राहा. हे सांगणं सोपं, करणं महाकठीण. ग्रामपंचायतीत तुमचा एक फोन गेला तर दोन मिनिटांत काम होईल, आणि मुलींना तीन हेलपाटे पडतील. ते तीन हेलपाटे हाच अभ्यासक्रम आहे. मात्र मुली ग्रामपंचायतीत जाणार असतील तर तुम्ही सोबत जा, फक्त बोलू नका. समोरचे भाऊसाहेब मुलींना सोडून तुमच्याकडे बघून उत्तर देतील. तेव्हा ‘आमची संघनायिका सांगेल’ एवढंच म्हणायचं.

अर्जातलं शुद्धलेखन मुलींना दाखवून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. अख्खा अर्ज स्वतः लिहून देऊ नका. तो तुमचा अर्ज आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

८. खरी कमाई म्हणजे नेमकं काय? मुलींना पैसे मिळवायला लावणं बरं दिसतं का?

देणगी न मागता स्वतःच्या कष्टाने पथकासाठी पैसे मिळवणं म्हणजे खरी कमाई. शाळेत एक दिवस भेळ, लिंबू सरबत, कोशिंबीर यांचे ठेले लावतात. राख्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या करून विकतात. यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. वाईट दिसतं ते वेगळंच. आया आदल्या रात्री शंभर करंज्या तळून देतात आणि मुली त्या विकतात, ही कमाई आयांची.

तीन नियम पाळा. भांडवल किती घातलं ते आधी लिहायचं आणि ते वजा करूनच नफा सांगायचा. पैसे मोजताना दोन वेगवेगळ्या संघांच्या मुली हव्यात. आणि हिशोब फलकावर लावायचा, तोट्याचा असला तरी. दारोदार विक्रीला मुलींना एकटीने पाठवू नका आणि शिकवणीचा वेळ त्यात घालवू नका.

९. संघनायिका दरवर्षी तीच हुशार मुलगी होते. निवडणूक घ्यावी का?

निवडणूक जरूर घ्या, पण निवडणुकीतही बहुधा वर्गाची मॉनिटर किंवा सरपंचांची मुलगीच येते. त्यापेक्षा प्रकल्पागणिक प्रमुख बदला. संघनायिका तीच राहू दे, पण या प्रकल्पाची प्रमुख दुसरी कोणीतरी आणि संघनायिका तिच्या हाताखाली. मुरलेल्या नायिकेला दुसरीचं ऐकायला लावणं हेसुद्धा नेतृत्वाचंच शिक्षण आहे. सुरुवातीला ती फुगून बसेल. बसू द्या.

१०. माझी मुलगी फार बुजरी आहे. तिला झेपेल का?

झेपेल. बोलक्या मुलींच्या गर्दीत तिच्याकडे काहीतरी निश्चित काम असू द्या, असं बाईंना सांगा : सामान मोजणं, नोंदवही, नकाशा. ‘पुढे ये, बोल’ असा धोशा कोणी लावू नये, घरीसुद्धा. ज्या गोष्टीची खडान्‌खडा माहिती फक्त तिलाच आहे, त्याबद्दल विचारलं की बुजरी मुलगीही बोलते.

११. दहावीला गुण मिळतात का? राज्य पुरस्कार कधी मिळतो?

प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. प्रत्येक पायरीला ठरावीक काळ काम करावं लागतं, म्हणून नववीत दाखल होऊन दहावीच्या आत वर पोहोचता येत नाही. पाचवी-सहावीला सुरुवात केलेली बरी. सवलतीच्या गुणांबाबत त्या वर्षीचं मंडळाचं परिपत्रक शाळेत किंवा जिल्हा संघटकांकडे बघा. शेजारच्या मुलीला गेल्या वर्षी काय मिळालं त्यावर विसंबू नका.

फक्त गुणांसाठी घालायचं असेल तर स्पष्टच सांगते, घालू नका. चार वर्षं शनिवार-रविवार देऊन मुलगी कंटाळेल आणि तुम्हीही.

१२. शिबिराला पाठवायला घरचे तयार नाहीत. मुक्काम, पाळी, सगळीच काळजी वाटते.

काळजी रास्त आहे, म्हणून नेमके प्रश्न विचारा. मुक्कामाला महिला लीडर किती आणि कोण? मुलींची झोपायची जागा आणि स्वच्छतागृहं वेगळी आहेत का? रात्री आजारी पडल्यास वाहन कोणाचं? पालकांनी फोन कधी करायचा? याची उत्तरं देता न येणाऱ्या शिबिराला न पाठवणंच शहाणपणाचं.

पाळीचं म्हणाल तर पॅड, जुने वर्तमानपत्र आणि कागदी पिशव्या प्रथमोपचाराच्या पेटीतच ठेवायच्या, कॅप्टनच्या बॅगेत नाही. म्हणजे मागायला जावं लागत नाही. त्या दिवसांत मुलीला शेकोटीपासून, प्रार्थनेपासून किंवा स्वयंपाकापासून दूर बसवायचं नाही. पोट दुखत असेल तर विश्रांती, बस्स. घरून ‘तिला चुलीजवळ जाऊ देऊ नका’ असा निरोप आला तर काय, असंही विचारतात. आईशी कॅप्टनने खासगीत बोलावं, मुलीला चारचौघींत त्यात ओढू नये.

१३. गावात पाहुणे आले की आमच्या गाईडना गुच्छ द्यायला, आरतीचं ताट धरायला, चहा फिरवायला बोलावतात. ते सेवेत धरायचं का?

नाही धरायचं. माझं मत इथे ठाम आहे. गणवेशातल्या मुली दोन तास उन्हात रांगेत उभ्या, पाहुणे उशिरा येणार, आणि त्याच वेळी स्काऊटची मुलं गर्दी आवरताहेत, माईक जोडताहेत. या वाटणीतून मुली जे शिकतात ते नेतृत्वाच्या नेमकं उलट असतं. आमंत्रण आलं तर संघनायिकांपुढे ठेवा आणि अट घाला : स्वागताला मुलगे-मुली दोन्ही, नियंत्रण आणि प्रथमोपचाराला मुलगे-मुली दोन्ही, आणि उभं राहायची वेळ आधी ठरलेली. वरून दबाव येतो हे मान्य. पण अट लेखी घातली की निम्मी आमंत्रणं आपोआप गळतात.

१४. गणपती विसर्जनाला निर्माल्य गोळा करायला किंवा वारीत पाणी वाटायला न्यावं का?

न्यावं, दोन्ही चांगली कामं आहेत, फक्त जागा नीट निवडा. निर्माल्य घाटाच्या वरच्या बाजूला, पाण्यापासून लांब टेबल मांडून घ्यायचं. पाण्याच्या कडेला मुली नकोत. प्रत्येकीला जोडीदारीण हवी, दर अर्ध्या तासाला हजेरी, आणि अंधार पडायच्या आत आवराआवर. वारीत एका ठिकाणी ठेला लावा, दिंडीबरोबर फिरू नका. गोळा झालेल्या निर्माल्याचं खत कुठे होणार हे आधी ठरलं नसेल, तर ते दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीतच जाणार.

१५. वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरलंय असं आमच्या गाईडना कळलं. त्यांनी प्रकल्प म्हणून ते थांबवावं का?

नाही. हे मुलींच्या अंगावर टाकायचं काम नाही. त्यांनी त्याच दिवशी कॅप्टनला किंवा विश्वासातल्या शिक्षकाला सांगायचं, एवढीच त्यांची जबाबदारी. मोठ्यांनी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवायचं. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीचा विवाह लावणं गुन्हा आहे. कोणी सांगितलं हे बाहेर फुटता कामा नये. त्या मुलींना रोज त्याच रस्त्याने शाळेत यायचं असतं.

विषय म्हणून बालविवाहावर काम करायचं असेल तर पथनाट्यापेक्षा दुसरी वाट धरा. आठवीनंतर शाळा सुटणाऱ्या मुली का सुटतात याची पाहणी करा. एसटीची वेळ हे कारण निघालं तर आगारप्रमुखांना अर्ज देता येतो (प्रश्न ६ मधली पद्धत). अशी पथकं लग्न थांबवल्याची बातमी देत नाहीत, पण मुली दहावीपर्यंत टिकतात.

१६. गाईड होताना घ्यायच्या वचनात ‘ईश्वर’ येतं. आमच्या घरी ते मानत नाहीत. चालेल का?

चालेल. ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणायची मुभा नियमातच आहे. सर्व धर्मांच्या मुलींना प्रवेश आहे आणि गाईड गणवेशात सलवार-कमीजही चालते. मुलीने काय म्हणायचं ते तिने घरी बोलून ठरवावं, वचन घेण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर चर्चा नको.

१७. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी गर्ल स्काऊट आहे. गावच्या शाळेला वह्या-दप्तरं पाठवून तिचा गोल्ड अवॉर्ड होईल का?

नुसती वस्तू गोळा करून पाठवणं त्या पुरस्काराला पुरत नाही. गर्ल स्काऊट्स ही अमेरिकेतली संघटना ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ साली जॉर्जियातल्या सव्हाना इथे सुरू केली. भारतातल्या गाईड तिच्या जगभरच्या बहिणी, पण पुरस्कारांची रचना वेगळी. ब्राँझ गटाने करायचा असतो, सिल्व्हर छोट्या गटाने किंवा एकटीने, आणि गोल्ड मात्र एकटीच्या नेतृत्वाखाली. गोल्डसाठी सुमारे ८० तास काम अपेक्षित आहे. प्रश्नाच्या मुळाशी जायचं आणि मुलगी निघून गेल्यावरही काम चालू राहील अशी सोय करायची, ही त्यातली खरी परीक्षा.

गावाशी जोडून करायचंच असेल तर आधी तिथल्या मुलींना विचारा त्यांना काय हवंय. वह्या सरकारही देतं, दानशूरही देतात. कदाचित त्यांना शाळेच्या वाचनालयाची यादी करून हवी असेल, किंवा इंग्रजी बोलायला आठवड्यातून एक तास. आणि आराखडा गर्ल स्काऊट्सच्या तिथल्या कौन्सिलकडून मंजूर झाल्याशिवाय तिकिटं काढू नका.

१८. पुण्यातलं ‘संगम’ शाळेच्या सहलीत बघता येईल का?

आळंदी रोडवरचं संगम हे गाईड चळवळीच्या जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ साली सुरू झालेलं. आधी कळवून आणि परवानगी घेऊनच जा. २२ फेब्रुवारीला जगभरच्या गाईड पाळतात त्या चिंतन दिनाच्या सुमारास जायचं मनात असेल तर फार आधी विचारा.

१९. प्रकल्प फसला तर अहवालात काय लिहायचं?

फसला असंच. ‘बारा रोपं लावली, चार जगली, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नव्हतं’ हा उत्तम अहवाल आहे. पुढच्या वर्षीच्या पथकाला त्यातून कळतं की सुट्टीचं वेळापत्रक आधी करायचं. चाचणीला येणारे परीक्षकही असा अहवाल बघून जास्त प्रश्न विचारतात, आणि मुलींना उत्तरं येतात, कारण काम त्यांनी केलेलं असतं.

२०. कॅप्टनबाईंची बदली झाली. आता चालू प्रकल्पाचं काय?

नोंदवही, हिशोबाची वही आणि अर्जांच्या पोचपावत्या संघनायिकांकडे असतील तर काही अडत नाही. बाईंच्या कपाटात असतील तर त्या जायच्या आधी काढून घ्या, एक प्रत मुख्याध्यापकांकडे ठेवा. नवीन कॅप्टनचा सात दिवसांचा बेसिक कोर्स होईपर्यंत जिल्हा संघटकांना कळवून एखाद्या शिक्षिकेकडे तात्पुरती जबाबदारी देता येते. तोवर नवी कामं काढू नका, हातातलं पुरं करा. प्रकल्प मध्येच बंद करायचा झाला तर तो निर्णयही कोर्ट ऑफ ऑनरमध्येच व्हावा (प्रश्न ४).